बाईने सायकल चालवावी, पण कुठून?

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. पुणेकर हे अजूनही अभिमानाने सांगतो, आणि सांगता सांगता स्कूटरची कळ दाबून निघून जातो! दुसऱ्याला कशाला हसू? मीही त्यातलीच.

आता मी सत्तरीला टेकले आहे. शाळेत असताना तासाच्या बोलीवर भाड्याची सायकल घेऊन, गुडघे फोडून घेत शिकले. पुढे मागच्या चाकाला जाळी बसवलेली लेडीज सायकल मिळाली. पदर कमरेला खोचून लकडी पुलावरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींचे तेव्हा कोणाला नवल वाटत नसे. भीती एकच. दिवा नसला किंवा मैत्रिणीला डबलसीट घेतले, की पोलीस अडवी! मग लूना आली, स्कूटर आली, मोटारी वाढल्या, आणि माझी सायकल जिन्याखाली गेली. ती नेमकी कोणत्या दिवशी गेली, हेही मला आठवत नाही.

ती बाहेर काढली आमच्या पोळ्यांच्या बाईंनी. पाच घरची कामे आणि सगळीकडे पायपीट. एक दिवस म्हणाल्या, "काकू, ही नुसती गंजतेय. मला शिकवाल का?" वय चाळिशीचे! पण चार रविवार शाळेच्या मैदानावर मी सूचना देत राहिले, नातू मागून सीट धरून पळत राहिला, आणि बाई सुटल्या. रोजचा तासभर वाचू लागला. त्या तासात त्यांनी सहावे घर धरले.

पावसाळ्यात व्हायचे ते झाले. सायकलींसाठी म्हणून रस्त्याच्या कडेला जो पट्टा रंगवला आहे, त्यावर मोटारी उभ्या होत्या. त्यांना वळसा घालायला बाई मधे आल्या आणि मागून मोटारसायकलचा धक्का बसला. मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये, आणि तेवढ्यात दोन घरे सुटली. शिकवले मी होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून आम्ही पाचसहा जणी, आणि हाताने चालवायची तीनचाकी वापरणारे शेजारचे एक गृहस्थ, वही घेऊन तो रस्ता पाहू लागलो. पाहिले म्हणजे दिसते! पट्टा चौकापर्यंत येतो आणि जिथे खरा धोका, तिथेच संपतो. झाडाखाली दिवा नाही, म्हणून दिवेलागणीनंतर कामावरून परतणारी बाई तिकडे फिरकत नाही. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खुंट रोवले आहेत. मोटारसायकल त्यातून बरोबर निघते, अडते ती आमच्या शेजाऱ्यांची तीनचाकी! शिवाय बाईचा प्रवास घर ते कचेरी असा सरळ नसतो. शाळा, भाजी, दळण, औषध, मग काम. तिला गल्लीबोळातूनही सुखरूप जाता आले पाहिजे.

महापालिकेने २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आहे. पण आराखड्यावरून सायकल चालत नाही, ती रस्त्यावरूनच चालवावी लागते. म्हणून अर्ज घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेब सभ्य होते. चहा दिला आणि म्हणाले, "पण ताई, बायका सायकल चालवतातच किती?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर गळ्यात हात अडकवलेल्या बाई बोलल्या, "साहेब, ज्या घाटाला पायऱ्या नाहीत, तिथं धुणं घेऊन कोण येणार? पायऱ्या बांधा, मग मोजा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

बाईंना ठाऊक नव्हते, पण त्यांचे म्हणणे आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे. १९९० नंतरच्या काळात तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात शीला राणी चुंकत या कलेक्टरबाईंनी साक्षरतेच्या मोहिमेत सायकलही शिकवायला घेतली. हजारो ग्रामीण स्त्रिया शिकल्या आणि पाण्याला, बाजाराला, कामाला स्वतःच्या पायांच्या जोरावर जाऊ लागल्या. तिथे कमतरता हौसेची नव्हती, संधीची होती. शहरात ती संधी म्हणजे रस्ता.

आमच्या हाती काय लागले? दोन दिवे लागले. एक खुंट निघाला. मोटारी अजून उभ्याच असतात. बाईंचा हात बरा झाला, पण मोठा रस्ता टाळून त्या बोळाने लांबचा फेरा घेतात. वाचलेल्या तासातला निम्मा त्यात जातो. रविवारी मात्र मैदानावर आता त्याच शिकवतात, आणि सीट धरून पळायला नातवाचे मित्र येतात.

या भाऊबीजेला कोणी भाऊ बहिणीला सायकल ओवाळणी घालील, तर आनंदच आहे. पण त्याआधी, वाचकहो, जरा खिडकीतून डोकावून पाहा. त्या रंगवलेल्या पट्ट्यावर उभी असलेली मोटार आपली तर नाही ना?