बी.पी.ची गोळी अचानक बंद केली तर काय होते?



आपल्या महाड-पोलादपूर भागात क्वचितच असे घर असेल जिथे कोणाला बी.पी.ची गोळी चालू नाही. आजी-आजोबा तर घेतातच, पण आता चाळिशीतले पालक आणि आपल्यातले शिक्षकही घेतात. आणि जवळपास प्रत्येक घरात एक वाक्य ऐकू येते : "आता प्रेशर नॉर्मल आलंय, कशाला रोज गोळी?" या वाक्यात किती धोका आहे, ते आज समजून घेऊया.

नॉर्मल आले म्हणजे बरे झाले का?

नाही. आपल्याकडच्या पावसाचेच उदाहरण घ्या. छत्री उघडली म्हणून आपण कोरडे राहिलो. मग "भिजलो नाही ना" असे म्हणून भर पावसात छत्री मिटायची का? गोळीचेही तसेच आहे. प्रेशर १४०/९० च्या खाली आले ते गोळीमुळे. बहुतेक लोकांत उच्च रक्तदाब मुळापासून जात नाही, तो ताब्यात ठेवावा लागतो. शिवाय तो दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे "मला काहीच त्रास नाही" हा पुरावा धरता येत नाही. मोजल्याशिवाय प्रेशर कळत नाही.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

१) अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन : या गोळ्या बंद केल्यावर प्रेशर सहसा एकदम उसळत नाही, हळूहळू पूर्वपदावर चढते. अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल तर काही दिवस टिकतो. इथेच माणूस फसतो. दोन दिवस काही झाले नाही, म्हणजे गोळीची गरज नव्हती असे त्याला वाटते.

२) अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल : यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावर होणारा परिणाम या गोळ्या अडवून धरतात. बरेच दिवस अडवल्यामुळे हृदय त्या रसायनाला जास्त संवेदनशील होते. गोळी एकदम थांबवली की बांध फुटल्यासारखे होते : छातीत धडधड, प्रेशर वर, आणि आधीच हृदयविकार असेल तर छातीत दुखणे किंवा हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. म्हणून डॉक्टर हा डोस एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

३) क्लोनिडीन : ही गोळी कमी जणांना असते, पण ती अचानक सोडली तर एक-दोन दिवसांतच प्रेशर पहिल्यापेक्षाही वर उसळू शकते. सोबत डोकेदुखी, घाम, हातांना थरथर.

म्हणून आपल्या घरात कोणती गोळी चालू आहे, तिचे नाव माहीत हवे. "ती पांढरी, छोटी गोळी" एवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे गोळी का चुकते?

गोळ्या मुंबईच्या खोलीवर राहिल्या आणि चाकरमानी गणपतीला गावी आले. श्रावणात उपास धरला. पगार लांबला. कोणीतरी काढा सांगितला. गावातून महाड-पोलादपूरला जायला एस.टी. मिळाली नाही. ही कारणे आपण रोज बघतो.

आणि पावसाळा! २२ जुलै २०२१ आठवा. सावित्रीचे पाणी महाड शहरात घराघरांत, दुकानांत शिरले. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडी आल्या. रस्ते, वीज, फोन सगळे बंद. अशा वेळी जीव वाचवून बाहेर पडलेल्या माणसाची गोळ्यांची पिशवी घरातच राहते. नेमका तेव्हाच ताण, जागरण आणि भीतीने प्रेशर वाढलेले असते.

मग काय करावे?

- जूनपासून घरात निदान महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा. त्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत, चटकन हाताला येईल अशा जागी ठेवा. चिठ्ठीचा फोटो मुंबईच्या मुलाच्या मोबाईलमध्येही असू द्या.
- एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.
- उपास असला तरी गोळी पाण्याबरोबर घेता येते का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक गोळ्या घेता येतात.
- गोळीने चक्कर येते, पाय सुजतात, खोकला येतो? तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. जुलाब-उलट्या होत असतील तरही लगेच विचारा.
- पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. जनऔषधी दुकानातही गोळ्या स्वस्त मिळतात.
- वजन घटले, मीठ, लोणचे, सुकी मासळी कमी केली, चालणे वाढवले, तर डोस खरंच कमी होऊ शकतो. पण तो ठरवायचा डॉक्टरांनी, प्रेशर मोजून.

लगेच १०८ ला फोन कधी?

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक दिसेनासे होणे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घाटातल्या वाडीवरून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका.

वर्गासाठी छोटा उपक्रम

पाचवीच्या पुढच्या मुलांना एक कार्ड बनवायला सांगा : आजी-आजोबांचे नाव, गोळीचे नाव, वेळ, किती दिवसांच्या शिल्लक आहेत. दर रविवारी मुलाने गोळ्या मोजायच्या. गणिताचा सरावही होईल, आणि डबी रिकामी होण्याआधीच घरात कळेल.

लेख उपयोगी वाटला तर पालकांच्या ग्रुपवर जरूर वाचून दाखवा.