उच्च रक्तदाब : अनुवंश आणि धूम्रपान

‘बीपी आमच्या घराण्यातच आहे, मग सिगारेट सोडून काय होणार?’ हा विद्यार्थ्यांचा युक्तिवाद अपुरा आहे. उच्च रक्तदाब सहसा एकाच जनुकामुळे होत नाही. शेकडो जनुकीय भेदांचे अल्प परिणाम त्यात एकवटतात. निकोटिनमुळे ॲड्रेनलिन स्रवते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब तात्पुरता वाढतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात काही जनुकीय भेदांचा रक्तदाबावरील परिणाम धूम्रपान करणाऱ्यांत व न करणाऱ्यांत वेगळा आढळला. शिवाय उच्च रक्तदाब आणि धूम्रपान दोन्ही रक्तवाहिन्यांना इजा करतात. दोन्ही एकत्र आल्यास हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. अनुवंश बदलता येत नाही, धूम्रपान सोडता येते. म्हणूनच ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, त्यांनी ते आधी सोडावे.