पिकाआधी मोजायची पांढरी पाटी

सकाळचे अकरा वाजलेत, आभाळ निरभ्र आहे. ज्वारीच्या शेतात एक संशोधक सूर्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणजे सावली मागे पडते. कपडे गडद रंगाचे, कारण पांढऱ्या सदऱ्यावरचा उजेडही पिकावर पडतो. पाठीवर प्रकाशाचे रंग वेगवेगळे मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर, हातात त्याची प्रकाशतंतूची दोरी. पण तिचं टोक पिकावर धरण्याआधी तो एक पांढरी पाटी मोजतो.

ही पाटी टेफ्लॉनच्याच जातीच्या पदार्थाची असते. पडलेल्या दृश्य प्रकाशातला सुमारे ९९ टक्के ती सर्व दिशांना परतवते. ऊन क्षणाक्षणाला बदलतं. त्यामुळे पानावरून किती प्रकाश आला, एवढ्यानं काही कळत नाही. रुपयातले किती पैसे परत आले, हे कळायला हवं. तो रुपया म्हणजे ही पाटी. म्हणून दर थोड्या वेळानं ती पुन्हा मोजावी लागते.

मग पडद्यावर पिकाचा आलेख उमटतो. निळा आणि तांबडा प्रकाश हरितद्रव्यानं गिळलेला. ५५० नॅनोमीटरजवळ हिरव्याचा छोटा उंचवटा. ७०० च्या आसपास रेषा एकदम कड्यासारखी चढते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निरोगी पान जवळजवळ निम्मा परत पाठवतं, कारण आतल्या पेशींमधल्या पोकळ्यांत तो विखुरतो. पीक आजारलं की हा कडा ढळू लागतो.

भारतात हे प्रकाशाचं ज्ञान १९७० मध्ये कामी आलं. केरळातल्या रोगट नारळबागांची छायाचित्रं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर घेतली गेली. त्यामागे होते पी. आर. पिशारोटी, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला आणि तांबड्या-अवरक्तातल्या फरकावरून साऱ्या पृथ्वीची हिरवाई मोजता येऊ लागली.

आज दुष्काळाचा अंदाज घेतानाही या फरकावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक पाहतात. पण उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून, हवेच्या थरातून बघतो. धूळ आणि बाष्प वाटेत असतात. त्याचा आकडा खरा की खोटा, हे जमिनीवरच्या मोजणीशी ताडून पाहावं लागतं.

म्हणून त्या पाटीला कुणी बोट लावत नाही. ती मळली, की ती कमी प्रकाश परतवते आणि त्या हिशेबात पिकाचा आकडा फुगतो. कागदावरचं शेत मग खऱ्या शेतापेक्षा वेगळं दिसतं.