रोवणीच्या बांधीतलं रसायनशास्त्र

जुलैत पवनी, लाखांदूर, साकोलीकडे गेलात तर बांध्यांमध्ये रोवणी सुरू असते. बायका कंबरेत वाकून पऱ्हे रोवत असतात. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. उघडे राहतात ते हात, चेहरा आणि मानेचा मागचा भाग. ढग जरा फाटले की एवढ्याशा कातडीत जी अभिक्रिया सुरू होते, ती एम.एस्सी.च्या मुलांना परीक्षेत हमखास घाम फोडते. ती पेरिसायक्लिक कुळातली, आणि तिचं फळ म्हणजे ड जीवनसत्त्व.

सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या बऱ्याचशा अभिक्रिया टप्प्याटप्प्यानं होतात. आधी एक बंध तुटतो, मधे एखादा अस्थिर तुकडा तयार होतो, मग दुसरा बंध जुळतो. पेरिसायक्लिक अभिक्रियेत हा मधला थांबाच नाही. भुलाबाईच्या फेरात सगळ्या पोरींचं पाऊल एकदम पडावं, तसे इलेक्ट्रॉन रिंगणात सरकतात. जुने बंध सुटतात आणि नवे जुळतात ते एकाच दमात. त्यासाठी उष्णता किंवा प्रकाश पुरतो. मात्र या दोहोंपैकी काय दिलं, त्यावर तयार होणाऱ्या रेणूची घडण बदलते.

त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. कोलेस्टेरॉलपेक्षा याच्यात एक दुहेरी बंध जास्त, एवढाच फरक. त्याची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की त्यातलं दुसरं कडं उघडतं. तयार होतं ते पूर्व-जीवनसत्त्व. इथपर्यंत प्रकाशाचं काम. पुढचं शरीराची ऊब करते. सात कार्बनच्या साखळीच्या एका टोकाचा हायड्रोजन दुसऱ्या टोकावर जातो, तोही साखळीच्या एका अंगानं सुटून दुसऱ्या अंगाला बसतो. हीसुद्धा पेरिसायक्लिक अभिक्रियाच, आणि तिला एन्झाइमची मदत लागत नाही. हेक्झेनच्या द्रावणात ३७ अंशांना हे काम अर्ध्यावर यायला सुमारे ३० तास लागतात, त्वचेत अडीच. पेशीच्या आवरणातली चरबी रेणूला हव्या त्या वाकलेल्या स्थितीत धरून ठेवते म्हणून. बाई संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवते, तेव्हाही दुपारच्या उन्हाची कमाई अंगात जमा होतच असते.

या रेणूनं रसायनशास्त्रज्ञांनाही बरंच छळलं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे एग्बर्ट हाविंगा यांच्यापुढे कोडं होतं: हेच उघडलेलं कडं उष्णतेनं मिटवलं तर एक जोडी पदार्थ मिळतात, प्रकाशानं मिटवलं तर दुसरी. अणू तेवढेच, कडंही तेच. फक्त सांध्यावरच्या अणूंची दिशा वेगळी. त्यांचे सहकारी ऊस्टरहॉफ यांनी १९६१च्या सुमारास सुचवलं की कारण इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांच्या सममितीत असावं. तिकडे हार्वर्डला ब-१२ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत घडवण्याच्या खटाटोपात रॉबर्ट वुडवर्ड यांना असंच विचित्र काही दिसलं. त्यांनी तरुण रोआल्ड हॉफमन यांना सोबत घेऊन १९६५ मध्ये नियम मांडले. रिंगणात सहा इलेक्ट्रॉन असतील तर उष्णतेनं साखळीची टोकं परस्परविरुद्ध दिशांना वळतात, प्रकाशानं एकाच दिशेला. चार असतील तर नेमकं उलट. नुसते इलेक्ट्रॉन मोजून आकार आधीच सांगता यावा, इतकं स्वस्तातलं भाकीत रसायनशास्त्रात मला दुसरं दिसत नाही. १९८१चं नोबेल हॉफमन आणि जपानचे केनिची फुकुई यांना मिळालं. वुडवर्ड १९७९ मध्ये गेले होते. संश्लेषणाच्या कामासाठीचं त्यांचं नोबेल १९६५चं.

आकार आधी कळला की संश्लेषणाचं निम्मं काम झालं. डील्स आणि आल्डर यांनी १९२८ मध्ये मांडलेली अभिक्रिया दोन रेणू जोडून सहा कार्बनचं कडं एका झटक्यात देते. एंडोसल्फान हे कीटकनाशक तिच्याच जोरावर बनायचं, ज्यावर सर्वोच्च न्यायालयानं १३ मे २०११ रोजी बंदी घातली. गवती चहाच्या वासातलं सिट्रल जर्मनीतली बीएएसएफ कंपनी कारखान्यात घडवते, तेही शेवटी दोन पेरिसायक्लिक अभिक्रियांनी.

औषधाच्या दुकानात मिळणारं ड-३ही याच वाटेनं येतं. लोकरीच्या चरबीतून कोलेस्टेरॉल काढायचं, त्याचं ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल करायचं, अतिनील दिव्याखाली धरायचं आणि मग ऊब द्यायची. ठाण्यात मुख्यालय असलेली फर्मेंटा बायोटेक कुलू आणि दहेजच्या कारखान्यांत ड-३ बनवते. यातली अडचण अशी की दिवा जास्त वेळ ठेवला तर पूर्व-जीवनसत्त्व पुन्हा प्रकाश शोषून ल्युमिस्टेरॉल आणि टॅकीस्टेरॉल या निकामी पदार्थांत बदलतं. कारखान्याला ही डोकेदुखी; कातडीला मात्र हाच लगाम. १९८१ मध्ये मायकल होलिक यांच्या गटानं दाखवलं की कितीही वेळ उन्हात राहा, पूर्व-जीवनसत्त्वाचं प्रमाण मूळ रेणूच्या १०-१५ टक्क्यांपुढे फारसं जात नाही. दिवसभर रोवणी करणारीला उन्हानं ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही ती यामुळे.

भंडारा जिल्हा २१ अंश अक्षांशावर. डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४५ अंश वर असतो, म्हणून कातडीतलं हे काम बारमाही चालू शकतं. बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते जवळपास बंद पडतं. पण ओसरीत बसून दिवसभर विड्या वळणारीला किंवा दुकानाच्या गल्ल्यावरच्या माणसाला अक्षांशाचा काय उपयोग? सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो, कारण मेलॅनिन तेच अतिनील किरण अडवतं.

कोवळ्या उन्हात बसण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, पण भल्या सकाळच्या उन्हात हे किरण फार थोडे असतात, आणि खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे दहा ते तीनच्या दरम्यान थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बाहेर बसा. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक लिहिली असेल तर एकच घ्या. पुडीला कातडीसारखा लगाम नाही, आणि जास्त झालेलं ड जीवनसत्त्व रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडाला इजा करतं.