लेहला निघालात? पहिले दोन दिवस नुसता विसावा!

वर्षभर भिशी भरली, रजा साठवली आणि आम्ही चार कुटुंबे लडाखला निघालो. दिल्लीहून विमानाने सव्वा तासात लेहला उतरलो. थिकसे, हेमिसचे गोंपा पाहायचे आणि मग तरुणांनी मारखा खोऱ्यात पायी फिरायचे, असा बेत होता.

संध्याकाळी आमची डोकी ठणकू लागली. सर्वांत जास्त त्रास झाला तो रोज व्यायाम करणाऱ्या पोराला. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको, म्हणून त्याने रात्रभर दुखणे लपवले. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा कळले. डॉक्टर म्हणाले, वर जाऊ नका, पडून राहा. दोन दिवसांत तो बरा झाला. मारखाची वाट राहून गेली, पण पोरगा सुखरूप घरी आला.

असे का होते? आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच, तर लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर. हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण उंचावर हवेचा दाब घटतो. त्यामुळे लेहला एका श्वासात मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. तिथे ताकद कामाला येत नाही. उलट धडधाकट माणूस घाई करतो आणि फसतो.

म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच विसावा घ्यावा. पाणी पीत राहावे, हलके जेवावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. पुढे चढताना मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. मारखाच्या वाटेवरची कोंगमारू खिंड ५,००० मीटरहून उंच आहे, तिथे हा नियम मोडू नये. वेळ असेल तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने जावे, म्हणजे चढ टप्प्याटप्प्याने होतो. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी त्रास टाळायला मदत करते, पण ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावे. हृदयाचे वा फुप्फुसाचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी तपासणी करूनच बेत ठरवावा.

डोके दुखत असताना वर चढायचे नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, दारू प्यायल्यासारखा झोक जाणे, असंबद्ध बोलणे ही जिवावरची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीसुद्धा माणसाला खाली उतरवावे आणि दवाखान्यात न्यावे. त्याला एकटे सोडू नये.

निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला बजावा: दुखले तर लगेच सांगायचे, त्यात लाज नाही. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.