मोडेम ‘सापडत नाही’ म्हणजे नेमके काय?



माहितीपर लेखनात क्रियापदाची निवड नेमकी असणे किती आवश्यक असते, हे या पाठात आपण संगणकाच्या एका बिघाडाच्या आधारे समजून घेणार आहोत.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी राहणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि दूरध्वनीच्या तारेवरून त्याला इंटरनेटची जोडणी घ्यावयाची आहे. परंतु संगणकाला मोडेम सापडत नाही. तो जाणकाराला दूरध्वनीवरून एवढेच सांगतो, “मोडेम चालत नाही.” या वाक्यावरून दूर बसलेल्या माणसाला काहीही कळत नाही. मग संगणक उचलून शहरात न्यावा लागतो किंवा चांगला मोडेम टाकून नवा विकत घ्यावा लागतो. नेमके वाक्य हा खर्च आणि हेलपाटा वाचवू शकते.

प्रथम मोडेमचे कार्य पाहू. संगणकातील माहिती अंकांच्या रूपात असते, तर दूरध्वनीची तार आवाज वाहून नेण्यासाठी असते. अंकांचे ध्वनिसंकेतांत आणि ध्वनिसंकेतांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे साधन म्हणजे मोडेम. हे काम चार टप्प्यांत घडते : मोडेम दिसणे, ओळखला जाणे, उत्तर देणे आणि डायल करणे. ‘चालत नाही’ या एकाच शब्दप्रयोगात हे चारही टप्पे झाकले जातात. म्हणून ते क्रमाने तपासावेत.

१. मोडेम दिसतो का? मोडेम संगणकाबाहेर असेल, तर त्याचे दिवे लागले आहेत का आणि तार घट्ट बसली आहे का, ते पाहावे. तो संगणकाच्या आत कार्डाच्या रूपात असेल, तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. पीसीआय खाचांत बसवलेल्या उपकरणांची यादी पडद्यावर येते. यादीत मोडेमचे नाव नसेल, तर कार्ड सैल झाले असावे किंवा निकामी झाले असावे. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हा दूरध्वनीच्या तारेतून येणाऱ्या दाबाने मोडेम जळतो. म्हणून अशा वेळी विजेच्या तारेबरोबर दूरध्वनीची तारही काढून ठेवावी.

२. मोडेम ओळखला जातो का? यादीत नाव असूनही तो उपयोगात येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा आढळते. तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्वस्त अंतर्गत मोडेममध्ये सर्व यंत्रणा कार्डावर नसते. संकेतांचे रूपांतर करण्याचे काम संगणकाच्या प्रक्रियकाकडे सोपवलेले असते आणि त्यासाठीचे सॉफ्टवेअर बहुधा केवळ विंडोजसाठी दिलेले असते. म्हणून अशा मोडेमला ‘विनमोडेम’ म्हणतात. विंडोजवर चालणारा मोडेम लिनक्सवर मुका राहिला, तर तो बिघडला आहे असे समजू नये. त्याला लिनक्ससाठीचा ड्रायव्हर हवा असतो. ल्यूसेंट, कोनेक्संट, स्मार्टलिंक अशा काही जातींसाठी असे ड्रायव्हर उपलब्ध झाले. मात्र ड्रायव्हर आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, यांची आवृत्ती जुळावी लागते. सिरियल पोर्टला जोडलेल्या बाह्य मोडेमला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

३. मोडेम उत्तर देतो का? येथे पोर्टच्या नावाचा घोटाळा होतो. विंडोजमधील ‘कॉम १’ म्हणजे लिनक्समधील ‘टीटीवायएस ०’ आणि ‘कॉम २’ म्हणजे ‘टीटीवायएस १’. लिनक्समध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. योग्य पोर्ट निवडून ‘मिनिकॉम’ या प्रोग्राममधून ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवावीत. ‘ओके’ असे उत्तर आले, तर मोडेम जागा आहे. ‘परवानगी नाकारली’ अशा अर्थाचा संदेश आला, तर मोडेमचा दोष नसून वापरकर्त्याला त्या पोर्टचा अधिकार दिलेला नाही. डेबियन प्रणालीत त्यासाठी त्याचे नाव ‘डायलआउट’ या गटात घालावे लागते.

४. मोडेम डायल करतो का? ‘नो डायलटोन’ असा संदेश आल्यास प्रथम त्याच तारेला साधा दूरध्वनी जोडून डायल टोन ऐकावा. टोन ऐकू येत असेल, तर मोडेमला तो ओळखता येत नसावा. कारण देशोदेशीचे टोन सारखे नसतात. अशा वेळी डायल करण्यापूर्वी ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिल्यास मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवतो.

आता मूळ वाक्याकडे वळू. “मोडेम चालत नाही” याऐवजी तो विद्यार्थी असे सांगू शकतो : “अंतर्गत मोडेम यादीत दिसतो, परंतु ‘एटी’ पाठवल्यावर उत्तर देत नाही, विंडोजवर तोच मोडेम चालतो.” हे ऐकणारा जाणकार कार्ड बदलण्याचा सल्ला देणार नाही, तो ड्रायव्हरची आणि पोर्टची चौकशी करील. या वाक्यात तीन निरीक्षणे आहेत आणि तर्क एकही नाही. बिघाडाच्या वर्णनात निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर, हा क्रम पाळावा. पडद्यावरील संदेश आठवणीने सांगण्याऐवजी जसाच्या तसा लिहून घ्यावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘दिसणे’ आणि ‘ओळखला जाणे’ या दोन टप्प्यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील अथवा शेतातील एखाद्या यंत्राच्या बिघाडाचे वर्णन ‘चालत नाही’ आणि ‘बिघडले’ हे शब्दप्रयोग न वापरता पाच वाक्यांत करा.