पिन बसली, पण दाब जुळला का?

गेल्या पर्युषणाच्या आधीची गोष्ट. माझा पुतण्या न्यू जर्सीहून सहकुटुंब आला होता. येताना त्याने आपल्या आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, एक देखणी विजेची किटली आणली. आई आयुष्यभर उकळलेले पाणीच पीत आली आहे. आता वयोमानाने गॅसपाशी उभे राहणे तिला जड जाते, हे ध्यानात ठेवून त्याने ती निवडली होती. किटलीच्या प्लगची चपटी पाती आपल्या सॉकेटात बसत नव्हती, म्हणून प्रवासी बॅगेतला अडॅप्टर लावला आणि बटण दाबले. मिनिटाभरातच पाणी खळखळू लागले. केवढे हे कौतुक! पण ते संपण्याआधीच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, अडॅप्टर तपकिरी पडून वाकला आणि वीज गेली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. आई एवढेच म्हणाली, ‘‘अरे, जीवांच्या जयणेसाठी आणलेली वस्तू घरच्यांच्याच जीवावर उठली असती की!’’

किटली उलटी करून पाहिली. तळाशी स्पष्ट छापलेले होते : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १५०० वॅट. ती सूचना पहिल्यापासून तेथेच होती; वाचण्याचे काम तेवढे कोणी केले नव्हते.

दुप्पट दाब, चौपट उष्णता

भारतात घरोघरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. अमेरिका आणि कॅनडात ती १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असते, तैवानात ११० व्होल्ट व ६० हर्ट्झ, तर जपानमध्ये अवघी १०० व्होल्ट. उलट दुबई, सिंगापूर, हाँगकाँग, लंडन, नैरोबी, तसेच आपल्या हिरे व्यापाऱ्यांचे अँटवर्प येथील दाब २२० ते २४० व्होल्टच्या घरात आणि वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच आहे. त्या ठिकाणची वस्तू येथे बहुधा सुखरूप चालते, प्लगचा आकार तेवढा निराळा असतो.

दाब दुप्पट झाला तर उष्णताही दुप्पट होईल, असे आपण सहज धरून चालतो. पण तापणाऱ्या तारेत दाब दुप्पट झाला की प्रवाहही दुप्पट होतो आणि उष्णता चौपट होते. आमच्या १५०० वॅटच्या किटलीने २३० व्होल्टवर सुमारे ५५०० वॅट वीज ओढली, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. आपल्या स्वयंपाकघरातील मोठे सॉकेटसुद्धा १६ अँपिअरचे असते आणि प्रवासी अडॅप्टर त्याहूनही नाजूक. पाणी एवढ्या झपाट्याने का उकळले, याचे उत्तर या हिशेबात होते. किटली, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, टोस्टर, भात शिजवण्याचे भांडे अशा तापणाऱ्या वस्तूंत धोका सर्वांत मोठा असतो.

तळाची चिठ्ठी कशी वाचावी?

प्रत्येक उपकरणाच्या तळाशी, पाठीवर किंवा चार्जरच्या ठोकळ्यावर एक बारीक अक्षरांची चिठ्ठी असते. तिच्यात ‘इनपुट’ हा शब्द शोधावा. त्यापुढे ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल, तर ती वस्तू जगात जवळजवळ कोठेही चालते. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक असेच असतात. तेथे फक्त आपल्या सॉकेटाला बसणारा प्लग किंवा चांगला अडॅप्टर पुरेसा आहे. मात्र केवळ ‘१२० व्होल्ट’ किंवा ‘१०० व्होल्ट’ असा एकच आकडा असेल, तर ती वस्तू थेट लावू नये.

‘आउटपुट’पुढचा आकडा वेगळा. चार्जर उपकरणाला किती दाब देतो, हे तो सांगतो. मूळ चार्जर हरवला आणि येथे नवा घ्यायचा असेल, तर आउटपुटचा दाब तंतोतंत तोच हवा, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक हवा आणि पिनेतील धन-ऋण टोकांची मांडणीही जुळली पाहिजे.

काही उपकरणांच्या, विशेषतः जुन्या संगणकांच्या, पाठीमागे ‘११५/२३०’ असा छोटा खटका असतो. अमेरिकेतून आलेल्या वस्तूत तो ११५ वर असतो. वायर लावण्याआधीच तो २३० वर सरकवावा.

वस्तू कोठे बनली, यावर भिस्त ठेवू नये. चीनमधील घरगुती वीज २२० व्होल्टची असली, तरी तेथे अमेरिकन बाजारासाठी बनलेला माल ११० ते १२० व्होल्टचाच असतो. माल कोणत्या बाजारासाठी बनला, हे चिठ्ठीच सांगते.

अडॅप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे

आमच्या घरची चूक नेमकी येथे झाली. साधा प्रवासी अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही. २३० चे ११० करण्यासाठी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची क्षमता उपकरणाच्या वॅटहून किमान पाव पट अधिक घ्यावी आणि मोटर असलेल्या वस्तूला त्याहूनही जास्त. आमच्या किटलीला सुमारे २००० वॅट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागला असता : जड, जागा अडवणारा आणि किटलीहून महाग. अशा वेळी येथलीच किटली घेणे शहाणपणाचे. बाजारात हलके, स्वस्त ‘कन्व्हर्टर’ही मिळतात. त्यांतील पुष्कळसे फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी, तेही थोडा वेळच वापरायचे असतात. नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्यांवर लावू नयेत.

आणखी एक गोष्ट. मूळ प्लगला अर्थिंगची तिसरी पिन असेल, तर दोन पिनांचा अडॅप्टर लावून ती निकामी करू नये. धातूच्या अंगाच्या वस्तूत ती पिन म्हणजे जीवरक्षकच होय.

वारंवारतेची गंमत आणि गफलत

ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. जपानचे उदाहरण बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. परिणामी आजही पूर्व जपानमध्ये ५० हर्ट्झ आणि पश्चिम जपानमध्ये ६० हर्ट्झ वीज आहे. मोत्यांच्या व्यापारामुळे आपल्या बांधवांनी जिथे वस्ती केली आणि जिनमंदिर उभारले, ते कोबे शहर ६० हर्ट्झच्या भागात येते.

विजेच्या वारंवारतेवर चालणारे ६० हर्ट्झचे घड्याळ ५० हर्ट्झवर लावले, तर ते दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. तशाच प्रकारच्या मोटरी मंद फिरतात आणि अधिक तापतात. म्हणून परदेशी प्रदर्शनातून दुकानासाठी वा कारखान्यासाठी पॅकिंगचे किंवा सीलिंगचे यंत्र मागवताना बोलणी पक्की होण्याआधीच दाब, वारंवारता आणि सिंगल फेज की थ्री फेज, हे तिन्ही लेखी घ्यावे. ‘भारतासाठी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ ही एक ओळ ऑर्डरमध्ये असली की पुढचा वाद टळतो. आपण मालाचा भाव, वजन, प्रत आणि मुदत डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्याच यादीत ही ओळ बसवावी.

लेकीची पाठवणीही तशीच

हा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत आई हौसेने मिक्सर ठेवते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेत १२० व्होल्टवर पेटणार नाही, पण रडतखडत फिरेल, चटणी वाटताना अडेल आणि मोटर तापेल. आपली २३० व्होल्टची इस्त्री तेथे जेमतेम पाव उष्णता देईल. तिकडच्या दाबासाठी बनवलेले ११० व्होल्टचे भारतीय धाटणीचे मिक्सर मिळतात; तोच द्यावा. बॅगेतील वाचलेल्या जागेत खाकरे आणि मेथीचे ठेपले अधिक शोभतात.

पंचसमितींमध्ये ‘आदान-निक्षेपण’ ही एक समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहावे, जीवाला बाधा होऊ देऊ नये, हे तिचे सार. ती मुनिधर्मातील असली, तरी गृहस्थाला तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भेट देणाऱ्याचे प्रेम खरेच असते, पण वीज प्रेम ओळखत नाही, ती फक्त आकडे ओळखते.

पुतण्या परत गेल्यावर आईसाठी आम्ही येथल्याच दुकानातून नवी किटली आणली. घरी आल्यावर आईने ती हाती घेतली, चष्मा चढवला, उलटी केली आणि म्हणाली, ‘‘वाच बघू, काय लिहिलंय ते.’’ आकडा २३० निघाला, तेव्हाच तिने पाणी भरू दिले.